खांब मोजले, उजेड कोण मोजणार?

संध्याकाळी सात ते रात्री दहा ही वेळ कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात धावपळीची असते. डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार, रस्ता ओलांडताना धडक बसलेली आजी, उघड्या गटारात पाय अडकून घोटा मोडलेली बाई असे रुग्ण एकामागून एक येत राहतात. केसपेपरवर नाव, वय, वेळ आणि ठिकाण लिहिले जाते. तोंडाला दारूचा वास होता का, हेल्मेट घातले होते का, याचीही नोंद होते. प्रकरण वैद्यकीय-कायदेशीर असेल तर पोलीस चौकीला कळवले जाते. एका प्रश्नासाठी मात्र त्या कागदावर रकाना नसतो. अपघात झाला तिथला रस्त्यावरचा दिवा लागलेला होता का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून त्याचे उत्तर कुठे साठत नाही. उत्तरच साठत नाही, म्हणून बंद दिवा हा वीजविभागाच्या तक्रारवहीतला किरकोळ विषय राहतो आणि आरोग्याच्या चर्चेत कधी येत नाही. प्रत्यक्षात रस्त्यावरचा उजेड हा स्वच्छ पाणी आणि सांडपाणी यांच्याच पंगतीत बसणारा विषय आहे. पाणी कसे असावे याची मापे ठरलेली आहेत, ती तपासली जातात आणि पाणी दूषित निघाले तर ओरड होते. उजेडाची मापेही ठरलेली आहेत, पण ती पाळण्याचे बंधन कायद्याने कोणाच्याही गळ्यात नीट घातलेले नाही.

डोळा आणि अंधार

आधी शरीराकडे पाहू. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पूर्णपणे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. रस्त्यावर एवढा वेळ कोणाकडेच नसतो. एका खांबाखाली लख्ख उजेड, पुढचे दोन खांब बंद आणि मग पुन्हा लख्ख उजेड, असा रस्ता सरसकट मंद पण सारखा उजेड असलेल्या रस्त्यापेक्षा अधिक धोक्याचा ठरू शकतो. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यावर पडला की काही क्षण समोरचे काहीच दिसत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. समोर माणूस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तरी ब्रेक लागण्याआधीच सोळा-सतरा मीटर संपलेले असतात. माणूस दिसायलाच उशीर झाला तर पुढचे गणित सांगायला नको.

वय वाढते तसा हा प्रश्न बिकट होतो. बाहुली लहान होते, डोळ्यातले भिंग पिवळसर आणि गढूळ होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. मोतीबिंदू असेल तर त्याहून कमी. म्हणजे पालिकेच्या तरुण अभियंत्याला ‘चालण्यापुरता उजेड आहे’ असे वाटते, तोच रस्ता त्याच्या वडिलांना जवळजवळ अंधारा दिसतो. पदपथाची मोडकी कड, वर आलेले चेंबरचे झाकण, खड्डा, बसलेले कुत्रे यांपैकी काहीच त्यांना वेळेवर दिसत नाही. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे ही साधी दुखापत नसते. अनेकांचे स्वतःच्या पायावर हिंडणे-फिरणे तिथेच संपते.

देशाचे आकडे काय सांगतात? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि सुमारे २० टक्के पायी चालणारे. दिवसाच्या २४ तासांतले सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत होतात. एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश या वेळेत घडतात. या वेळी वर्दळही जास्त असते, त्यामुळे सगळे खापर अंधारावर फोडता येणार नाही. पण ज्यांच्याभोवती पत्र्याचे संरक्षण नाही, अशी दुचाकीवरची आणि पायी चालणारी माणसेच सर्वाधिक मरतात. आणि दिसणे किंवा न दिसणे हा त्यांच्या बाबतीत जीवनमरणाचा प्रश्न असतो.

कर्तव्य आहे, माप नाही

आता कायद्याकडे वळू. रस्त्यावर दिवे लावणे हे पालिकेचे उपकार नव्हेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ आणि नगरपरिषदांसाठीचा १९६५ चा अधिनियम या तिन्हींमध्ये सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती हे आवश्यक कर्तव्य म्हणून घातलेले आहे. उद्यान, नाट्यगृह किंवा तरणतलाव यांसारखी ती ऐच्छिक बाब नाही. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. तिच्यातल्या १८ विषयांपैकी सतराव्या विषयात रस्त्यावरच्या दिव्यांचा नावानिशी उल्लेख आहे. गावांत ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी-पाणीपट्टीसोबत ‘दिवाबत्ती कर’ असा स्वतंत्र रकाना असतो. म्हणजे नागरिक या सेवेचे पैसेही भरतो.

पण ‘दिवे लावा’ एवढे सांगून हे कायदे थांबतात. उजेड किती असावा, बंद दिवा किती दिवसांत दुरुस्त व्हावा आणि झाला नाही तर जबाबदार कोण, हे मूळ कायद्यांत ठरवून दिलेले नाही. माप मात्र उपलब्ध आहे. भारतीय मानक संस्थेच्या आयएस १९४४ या १९७० सालच्या संहितेत रस्त्यांचे गट पाडले आहेत. वेगवान आणि दाट वाहतुकीच्या प्रमुख मार्गांवर सरासरी ३० लक्स, इतर मुख्य रस्त्यांवर १५, तर दुय्यम रस्त्यांवर वर्दळीप्रमाणे ८ किंवा ४ लक्स उजेड असावा, असे ती सांगते. पौर्णिमेचे चांदणे फार तर पाव लक्स असते, यावरून या आकड्यांचा अंदाज येईल. उजेड रस्त्यावर सारखा पसरलेला असावा, म्हणजे सर्वांत अंधाऱ्या जागी सरासरीच्या निदान ३० ते ४० टक्के उजेड मिळावा, असेही ही संहिता सांगते. डोळ्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पण संहिता ही शिफारस आहे. निविदेत तिचा उल्लेख होतो, कंत्राटदार दिवे बसवतो, खांब मोजून बिल निघते. वर्षभराने त्याच रस्त्यावर लक्समीटर घेऊन उभे राहण्याची सक्ती कोणावरही नाही.

वीज कायद्यातली गंमत याहून बोलकी आहे. १९१० च्या जुन्या भारतीय वीज कायद्यात ‘सार्वजनिक दिवा’ या शब्दाची व्याख्या होती आणि स्थानिक संस्थेने मागणी केल्यास वीज कंपनीने अशा दिव्यांना वीज पुरवावी अशी तरतूदही होती. २००३ च्या वीज कायद्यात सार्वजनिक दिवा उरला आहे तो मुख्यतः कलम १४१ मध्ये. दुष्ट हेतूने असा दिवा विझवणाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत दंड, असे ते कलम सांगते. म्हणजे एखाद्या उनाड पोराने दगड मारून दिवा विझवला तर तो गुन्हा, पण ज्यांचे ते कामच आहे त्यांनी तोच दिवा चार महिने विझलेला ठेवला तर या कायद्यात त्याला नावही नाही.

शिवाय कलम ५६ नुसार बिल थकले की १५ दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. घर, दुकान, कारखाना आणि रस्ता असा भेद तिथे केलेला नाही. काही वर्षांपूर्वी थकबाकीच्या वादातून महावितरणने राज्यातल्या अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली आणि गावेच्या गावे अंधारात गेली, हे वाचकांना आठवत असेल. वीज कंपनीचे पैसे बुडू नयेत हे खरेच आहे. पण बिल थकवले ग्रामपंचायतीने किंवा अनुदान अडले सरकारचे, आणि अंधारात चालले कोण? दिवाबत्ती कर वेळेवर भरणारा माणूस. पावसाळ्यात रात्री परसाकडे किंवा गोठ्याकडे जाणाऱ्या माणसासाठी त्या अंधारात साप हा काही कल्पनेतला धोका नव्हे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे आणि त्यांतले बहुसंख्य ग्रामीण भागातले होते. पथदिवा सापाला हाकलत नाही, पण पाय कुठे पडतो आहे ते दाखवतो.

मालक कोण, वायरमन कोणाचा

दिवा बंद पडला की दुसरा प्रश्न उभा राहतो तो मालकीचा. मुंबईचेच उदाहरण घ्या. ७ ऑगस्ट १९४७ रोजी शहराने खासगी कंपनीकडून वीज आणि वाहतूक ताब्यात घेतली आणि ‘बेस्ट’ पालिकेच्या मालकीची झाली. आजही कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या रस्त्यांवरचे दिवे बेस्ट सांभाळते. उपनगरांच्या मोठ्या भागात हे काम खासगी वीज कंपनीकडे, तर भांडुप-मुलुंड पट्ट्यात महावितरणकडे आहे. पैसे पालिका देते. उड्डाणपुलावर किंवा द्रुतगती मार्गावर आणखी वेगळी यंत्रणा असते. रस्ता तोच, पण दिव्याचा धनी दर दोन किलोमीटरला बदलतो. सामान्य माणसाने तक्रार कुठे करायची?

शहराच्या मालकीची वीज कंपनी असणे ही खरे तर मोठी जमेची बाजू आहे. रस्ता, गटार, दवाखाना आणि दिवा यांचा विचार एकाच सभागृहात होऊ शकतो. २००३ च्या कायद्याने अशा जुन्या, स्थानिक संस्थांच्या वीज उपक्रमांना कलम ४२ आणि ५१ मध्ये थोडी वेगळी वागणूक दिली, स्पर्धेपासून काही संरक्षण दिले. त्या बदल्यात सार्वजनिक उजेडाची काही हमी मागता आली असती. तशी ती मागितली गेली नाही.

मालकी शहराची असली म्हणजे आपोआप उजेड पडतो असेही नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचा धडा याबाबतीत वाचण्यासारखा आहे. या शहराची स्वतःची दिवाबत्ती संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होती. शहराची लोकसंख्या आणि करवसुली घटत गेली, दुरुस्ती मागे पडली. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा सुमारे ८८ हजार दिव्यांपैकी जवळपास ४० टक्के बंद होते. तिथल्या मिशिगन राज्याने २०१२ च्या अखेरीस एक कायदा केला. त्यानुसार दिव्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, शहराच्या एका करातला ठरावीक हिस्सा, वर्षाला सव्वा कोटी डॉलर, फक्त त्यासाठी राखून ठेवला गेला आणि त्या खात्रीच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढता आले. पूर्वीइतके खांब उभे करण्याचा हट्ट धरला नाही. २०१६ च्या अखेरीपर्यंत सुमारे ६५ हजार नवे एलईडी दिवे लागले. संख्या कमी झाली, पण दिवे चालू राहिले. पुढे २०१९ मध्ये त्यांतले हजारो दिवे मुदतीआधीच मंद आणि निकामी होऊ लागले आणि प्राधिकरणाला पुरवठादाराविरुद्ध न्यायालयात जावे लागले. खरेदीचा करार आणि हमीची अट हादेखील उजेडाच्या कायद्याचाच भाग असतो, हे तिथल्या करदात्यांना तेव्हा कळले.

आपल्याकडे २०१५ मध्ये राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाला आणि देशभरात सव्वा कोटीहून अधिक जुने दिवे बदलून एलईडी बसले. विजेची बचत मोठी झाली आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण या कार्यक्रमाचा हिशेब वाचलेल्या युनिटांत आणि बदललेल्या दिव्यांत मांडला गेला. त्यामुळे किती रस्ते मापाप्रमाणे उजळले आणि तिथले अपघात कमी झाले का, हा हिशेब मांडणे कोणाचेच काम उरले नाही.

पावसाळ्यातला खांब

उजेड नसलेला खांब धोक्याचा, तसाच वीज उतरलेला खांबही. अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी १२ हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. हे सगळे पथदिव्यांमुळे होत नाही. शेतातले पंप आणि घरातली सदोष वायरिंग यांचा वाटा मोठा आहे. तरी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे लोखंडी खांबाला हात लागून मूल दगावल्याची बातमी येतेच. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा विरोध हजारो ओहमच्या घरात असतो. त्वचा ओली झाली की तो एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला याचा अर्थ शरीरातून दोनशेहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह जाणे. हृदयाची लय बिघडवायला त्याच्या निम्माही पुरतो. खांबाच्या तळाची उघडी पेटी, निघालेली टेप, गंजलेले अर्थिंग, कोणीतरी टाकलेला आकडा यांपैकी एक कारण पुरेसे असते. अर्थिंग तपासणे आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण फीडरवर बसवणे, हे उपाय जुने आणि परवडणारे आहेत.

याबाबतीत कायदा तुलनेने जागा आहे. वीज कायद्याच्या कलम १६१ नुसार असा अपघात कळवणे बंधनकारक आहे आणि विद्युत निरीक्षक त्याची चौकशी करू शकतो. मध्य प्रदेशात ऑगस्ट १९९७ मध्ये रात्री सायकलवरून घरी निघालेला एक कामगार पाणी साचलेल्या रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेच्या धक्क्याने मेला. कोणीतरी वीज चोरण्यासाठी ती तार ओढली होती, असा बचाव वीज मंडळाने केला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो फेटाळला. वीज हाताळणे हे मुळातच धोक्याचे काम आहे. ते करणाऱ्याची चूक सिद्ध झाली नाही तरी भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा त्या निकालाचा अर्थ आहे. विजेच्या धक्क्याला जो न्याय लागतो, तो अंधारातल्या धडकेला मात्र सहसा मिळत नाही. तिथे ‘निष्काळजीपणे वाहन चालवले’ एवढ्यावर फाइल बंद होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ रस्त्याची रचना किंवा देखभाल सदोष असल्याने मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. बंद दिव्यांचे प्रकरण या कलमाखाली तपासायला काय हरकत आहे?

जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे

मग चौकाचौकात प्रखर हायमास्ट उभारले की झाले का? तसेही नाही. डोळ्यात केवळ पाहण्यासाठीच्या पेशी नसतात. मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी दिवस आहे की रात्र हे मेंदूला सांगतात आणि त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री असा प्रकाश मिळत राहिला की झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरक दबते. म्हणूनच अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांवर ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर छटेचे दिवे वापरावेत असे सुचवले. फ्रान्सने २०१८ मध्ये बाहेरच्या बहुतेक दिव्यांसाठी हीच मर्यादा नियमात घातली आणि आकाशाकडे जाणाऱ्या उजेडालाही लगाम घातला. आपल्याकडे बसवलेले बरेचसे एलईडी पाच-सहा हजार केल्विनचे, पांढरेफटक आहेत. खिडकीतून येणाऱ्या पथदिव्यापेक्षा उशाशी चालू असलेला मोबाइल झोपेचा मोठा शत्रू आहे, हे खरे. पण मोबाइल बंद करणे आपल्या हातात असते, खिडकीसमोरचा खांब नसतो.

उजेडाच्या फायद्याबद्दलचा पुरावाही डोळे उघडे ठेवून वाचावा लागतो. न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक गृहवसाहतींत चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने निवडलेल्या ठिकाणी जादा दिवे लावले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले. उलट इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यरात्रीनंतर दिवे बंद किंवा मंद केल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत. तिथले पदपथ मोकळे असतात, रस्त्यावर गुरे बसत नाहीत, बिनदिव्याच्या गाड्या फिरत नाहीत. त्यामुळे तो निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण ज्यांनी नोंद ठेवली त्यांनाच दिवा कुठे मंद करता येईल आणि कुठे नाही हे कळले, हा त्यातला धडा आपल्याला नक्की घेता येईल.

कायद्यात काय हवे

मागणी फार मोठी नाही. पहिली गोष्ट, आयएस १९४४ मधली मापे पालिका आणि ग्रामपंचायत कायद्यांखालच्या नियमांत बंधनकारक व्हावीत आणि प्रत्येक प्रभागातल्या रस्त्यांचा उजेड वर्षातून एकदा मोजून आकडे प्रसिद्ध व्हावेत. दुसरी, प्रत्येक खांबावर क्रमांक आणि जबाबदार यंत्रणेचे नाव असावे आणि बंद दिव्याची दुरुस्ती ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली मुदतीसह अधिसूचित करावी. त्या कायद्यात मुदत मोडणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहेच. तिसरी, दिवाबत्तीसाठी घेतलेला कर त्याच खात्यात राहावा आणि थकबाकीपोटी रस्त्याची वीज तोडण्याऐवजी थकबाकी अनुदानातून वळती करावी. चौथी, मे महिन्याच्या अखेरीपर्यंत प्रत्येक धातूच्या खांबाची गळती आणि अर्थिंग तपासून दाखला लावला जावा. पाचवी, पुढच्या प्रत्येक खरेदीत पिवळसर, वरून झाकलेले, खाली उजेड टाकणारे दिवे आणि पूर्ण मुदतीची हमी ही अट असावी.

सहावी गोष्ट कायदा न बदलताही होऊ शकते. रुग्णालयांनी आणि पोलिसांनी रात्रीच्या प्रत्येक अपघाताच्या कागदावर ‘दिवा चालू / बंद / नाही’ असा एक रकाना वाढवावा. वर्षभराच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या की कोणत्या वळणावर आधी दिवा लावायचा हे सांगायला सल्लागार कंपनी लागणार नाही.

पैसे कुठून आणायचे, असे यावर लगेच विचारले जाईल. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच दिले आहे. रतलाम नगरपालिकेने गटारे आणि शौचालये न बांधण्यासाठी तिजोरीत पैसे नसल्याचे कारण पुढे केले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ते मान्य केले नाही. कायद्याने घातलेले मूलभूत कर्तव्य निधी नसल्याच्या सबबीवर टाळता येत नाही. त्या दिवशी प्रश्न दुर्गंधीचा होता, पण तत्त्व उजेडालाही तितकेच लागू पडते. शिवाय एलईडीमुळे वीजबिलात झालेली बचत देखभालीवर खर्च झाली पाहिजे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

उजेडाची किंमत स्त्रियांना सर्वांत चांगली कळते. २०१३ मधल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही त्यांच्या सुरक्षिततेच्या संदर्भात रस्त्यांवरच्या दिव्यांचा मुद्दा मांडला होता. दुसऱ्या पाळीवरून परतणारी परिचारिका, क्लासहून येणारी मुलगी, पहाटे भाजी आणायला निघालेली विक्रेती अंधारा रस्ता टाळण्यासाठी लांबचा वळसा घेतात, रिक्षाचे पैसे मोजतात किंवा ते कामच सोडतात. हे नुकसान कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदीत येत नाही, पण तब्येतीवर आणि पोटावर त्याचा परिणाम होतो.

तोवर नागरिकांनी काही गोष्टी पाळाव्यात. रात्री पायी चालताना फिकट कपडे घालावेत आणि हातात टॉर्च ठेवावा. पावसाळ्यात खांबाला, फीडरच्या पेटीला हात लावू नये, सायकल किंवा जनावर खांबाला बांधू नये. कोणाला धक्का बसलाच तर आधी वीज तोडावी, त्याला थेट हात लावू नये. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबलेला असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. बंद दिव्याची तक्रार तोंडी न करता खांबाचा क्रमांक आणि तारीख घालून लेखी करावी व पोच घ्यावी. पुढे त्याच जागी अपघात झाला तर यंत्रणेला आधीच कळवले होते याचा पुरावा म्हणून तीच पोच उपयोगी पडते.